लाट नसलेला न

थिएटरच्या दर्शनी पाटीवर अक्षरं मी लावते.
शिडी विल्मार धरतो
आणि वर न बघताच सांगतो, डावीकडं कलतंय.
पेटीत 'आ' भरपूर, 'ओ' सात,
डोक्यावर लाट असलेला 'न' मात्र एकच होता,
तो एका वादळात उडाला, नदीच्या दिशेनं.
तेव्हापासून साध्याच 'न'वर मी
तारेचा वाकडा तुकडा अडकवते.
तेवढंही केलं नाही तर आमच्या भाषेत
'वर्ष' लिहावं आणि 'ढुंगण' वाचलं जावं.
पाद्रीबाबा एकदा थांबले, वाचलं,
आणि कोपऱ्यापर्यंत खांदे हलवत गेले.

सिनेमे निवडायला पाच जणांची समिती आहे.
म्हणतात, आम्ही कला बघतो.
खरं सांगू? पेटी बघतात.
लांबलचक नावाचा एक पोलिश सिनेमा
'क' आणि 'झ' पुरेनात म्हणून
दोन हिवाळे खोळंबला.

मार्चभर आगगाड्यांचे सिनेमे.
गावातली गाडी बंद होऊन तीसेक वर्षं झालेली;
स्टेशनमास्तरचा ओदिलियो
प्रत्येक शिट्टीला मनगट वर करून वेळ बघायचा.
मे महिन्यात, 'ज्यांत कुणीही मरत नाही असे'.
मिळाले तीन.
जुलैच्या गारठ्यात दर बुधवारी मूकपट.
हीटर एकच, त्याच्याजवळ आळीपाळीनं बसावं
असा ठराव आहे.
ठराव आहे.
खुर्च्या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यातल्या,
तो बंद पडला तेव्हा युनियननं भांडून आणलेल्या.
पाठीवर अजून आकडे आहेत,
आणि काही माणसं अंधारात चाचपत
आपलाच नंबर शोधतात.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी खास खेळ,
सुल्मा एचेबार्नेसाठी.
चाळीस वर्षं तिनं दाराशी तिकिटं फाडली,
उशिरा येणाऱ्यांसाठी दारातच राहिली,
सुरुवात अशी एकाही सिनेमाची पाहिली नाही.
आता सवड झाली
तर पडदा डोळ्यांवरच आला.
समितीनं ठरवलं : आपणही डोळे मिटून बघायचा.
'बघायचा' हाच शब्द घातला कागदावर,
कुणी खोडला नाही.
नाव लावू नकोस, सुल्मा मला म्हणाली,
वेळ तेवढी लाव.

दिवे गेले. एकसष्ट माणसांनी डोळे मिटले.
पोतं ओढल्याचा आवाज. दार.
जिना, जिना, अजून जिना.
कुणीतरी येर्बाचा शेवटचा घोट नळीनं सुर्रकन ओढला,
तो सिनेमातला की आमच्यातला, कळेना.
'हिच्या पायात दुसऱ्याच कुणाचे बूट आहेत,'
सुल्मा मोठ्यानं म्हणाली.
श्श, कुणीतरी म्हणालं, सवयीनं.

विसाव्या मिनिटाला मी लबाडी केली.
डोळे उघडले,
पण पडद्याकडं वळायचं राहूनच गेलं.
समोर मिटलेले चेहरे, रांगेनं,
आणि त्यांच्यावर एक अख्खी दुपार
चढत होती, उतरत होती.
विल्मारच्या गालावर कुणाची तरी खिडकी.
ओदिलियोच्या उघड्या तोंडात
बारीकसा उजेड, जाऊन परत येणारा.
एकशे बारा नंबरवरची बाई रडत होती
आणि पुसत नव्हती,
कोण बघतंय म्हणून.
पुढच्या रांगेत सुल्मा.
तिचे डोळे सताड उघडे, पडद्यावर खिळलेले.
साऱ्या थिएटरात उघडे होते ते
आम्हा दोघींचेच.

खेळ सुटल्यावर फुटपाथवर वाद :
तिचा कोट लाल, नाही, राखाडी,
नाही, कोटच नव्हता, थंडीनं कुडकुडत होती ती.
आदल्या दिवशी रीळ तपासणारा मुलगा गप्प उभा.
मला विचारलं कुणी. मला माहीत नव्हतं.
सुल्मा म्हणाली, बूट नवऱ्याचे होते,
आणि घराकडं निघाली,
काठी डाव्या हातात, तिकिटं फाडायचा
उजवा हात खिशात.

सोमवारी पुन्हा शिडी.
सप्टेंबरच्या मालिकेच्या नावात
नेमकं 'वर्ष' आहे, तेही दोनदा.
विल्मार खालून म्हणतो, उजवीकडं कलतंय.
थांब जरा, म्हणते मी,
तार कुठं ठेवली होती?